नर्सिंगचे विद्यार्थी अभ्यासक्रमावर समाधानी आहेत का? विचारायचं कसं, आणि विचारल्यावर करायचं काय

सत्राच्या शेवटच्या आठवड्यात भरून घेतलेला एक अभिप्राय फॉर्म मी बरीच वर्षं जपून ठेवला आहे. पंचवीस प्रश्न, प्रत्येकापुढे पाच चौकटी. भरणाऱ्या विद्यार्थिनीने पंचवीसच्या पंचवीस खुणा ‘समाधानी’ या एकाच रकान्यात केल्या होत्या, पट्टी लावून ओढल्यासारख्या. तळाशी ‘इतर काही’ म्हणून सोडलेल्या अर्ध्या ओळीत मात्र बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘वॉर्डमध्ये आम्हाला नाव नसतं. सगळे ए स्टुडंट म्हणतात.’

तो फॉर्म आम्ही बेरजेत धरला, टक्केवारी काढली, फाइलला लावला. खालची ओळ कुणी मोजली नाही, कारण ती मोजायला रकानाच नव्हता.

नर्सिंग महाविद्यालयातले शिक्षक, प्राचार्य, वर्गप्रतिनिधी आणि शोधप्रकल्पासाठी हा विषय निवडणारे विद्यार्थी, या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. इतक्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली आहे: नर्सिंगच्या विद्यार्थ्याचं समाधान वर्गात थोडं आणि वॉर्डात बरंच ठरतं. आणि विचारून काहीच न करणं हे न विचारण्यापेक्षा वाईट, कारण पुढच्या वेळी कुणी खरं सांगत नाही.

पायरी १: कशासाठी विचारताय ते आधी ठरवा

फॉर्म तयार करायच्या आधी एक कोरा कागद घ्या आणि येत्या तीन-चार महिन्यांत तुमच्या हातात असलेल्या गोष्टी लिहा. वेळापत्रक, पोस्टिंगची (म्हणजे एकेका वॉर्डात ठरावीक काळ शिकत काम करण्याची) आखणी, कौशल्य प्रयोगशाळेच्या वेळा, असाइनमेंट परत देण्याची मुदत, वॉर्डात शिक्षकांच्या फेऱ्या. मग हातात नसलेल्या गोष्टी लिहा: इमारत, विद्यापीठाने ठरवलेला अभ्यासक्रम, रुग्णालयातल्या खाटांची संख्या. दुसऱ्या यादीबद्दल विचारू नये असं नाही, पण मुख्य भर पहिल्या यादीवर हवा.

समाधान म्हणजे सोपेपणा नव्हे, हेही इथेच ध्यानात घ्यावं. इंजेक्शनचा डोस तीनदा मोजायला लावणाऱ्या मॅडम पहिल्या वर्षी कुणालाच आवडत नाहीत, आणि शेवटच्या वर्षी त्याच मॅडमचं नाव सगळे घेतात. म्हणून ‘शिक्षक आवडतात का’ हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. ‘चूक झाल्यावर ती कुठे झाली आणि कशी सुधारायची हे सांगितलं जातं का’ हा उपयोगाचा.

फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलेला विचार इथे कामी येतो. त्याने नोकरदारांबद्दल मांडलं की असमाधान घडवणाऱ्या गोष्टी एक आणि समाधान देणाऱ्या गोष्टी दुसऱ्या. विद्यार्थ्यांच्या बाबतीत मला हे तंतोतंत दिसतं. कपडे बदलायला जागा नसणं, ड्युटीचं वेळापत्रक आदल्या रात्री कळणं, यांनी चिडचिड होते. त्या दुरुस्त केल्या की चिडचिड थांबते, पण शिकण्याचा आनंद तेवढ्याने येत नाही. तो येतो एखादा रुग्ण विश्वासाने सोपवला जातो तेव्हा. फॉर्ममध्ये दोन्ही प्रकारचे प्रश्न हवेत, आणि निकाल वाचताना त्यांची गल्लत नको.

पायरी २: विषयाचे भाग पाडा

‘एकूण अभ्यासक्रमाबद्दल किती समाधानी आहात?’ या एका प्रश्नातून काहीही कळत नाही. यासाठी तयार मोजपट्ट्या आहेत, त्या आधी पाहाव्यात. पदवीच्या नर्सिंग विद्यार्थ्यांचं शैक्षणिक समाधान मोजण्यासाठी डेनिसन आणि एल-मसरी यांनी २०१२ मध्ये ४८ विधानांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिचे चार भाग आहेत: वर्गातलं अध्यापन, क्लिनिकल (म्हणजे वॉर्डात रुग्णांजवळ होणारं) अध्यापन, अभ्यासक्रमाची रचना व अंमलबजावणी, आणि आधार व साधनं. स्वतःचा फॉर्म करणाऱ्यांनाही हा चार भागांचा आराखडा पुरतो.

फक्त वॉर्डातल्या शिक्षणाबद्दल खोलात जायचं असेल, तर फिनलंडमध्ये सारिकोस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सुधारून पुढे आणलेली ३४ विधानांची मोजपट्टी पाहा. वॉर्डातलं शिकण्याचं वातावरण, वॉर्ड इनचार्जची काम चालवण्याची पद्धत, त्या वॉर्डातली नर्सिंगची रीत, देखरेख करणाऱ्या नर्सशी नातं आणि महाविद्यालयातल्या शिक्षकाची भूमिका असे तिचे पाच भाग. देखरेख करणाऱ्या नर्सशी असलेल्या नात्याला तिथे स्वतंत्र जागा दिली आहे. माझ्या वर्गातला कुठलाही विद्यार्थी सांगेल की ती द्यायलाच हवी.

परकी मोजपट्टी वापरायची तर मूळ लेखकांची परवानगी घ्या. भाषांतर एकाने करावं, दुसऱ्याने मूळ न पाहता ते परत मूळ भाषेत न्यावं आणि दोन्ही मजकूर समोरासमोर ठेवावेत. मग पाच-सहा विद्यार्थ्यांना मोठ्याने वाचायला द्या. ज्या वाक्यावर ते अडखळतात, ते वाक्य बदला.

पायरी ३: प्रश्न असे लिहा की उत्तर देता येईल

‘पूर्णपणे सहमत’ पासून ‘पूर्णपणे असहमत’ पर्यंतची पाच पायऱ्यांची पद्धत रेन्सिस लायकर्ट यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी ती १९३२ मध्ये मांडली. पद्धत सोपी आहे, विधान लिहिणं अवघड आहे.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे एका विधानात दोन गोष्टी कोंबणं. ‘शिक्षक विषय छान शिकवतात आणि मदतीला उपलब्ध असतात.’ शिकवतात छान, पण भेटत नाहीत, अशा वेळी विद्यार्थ्याने काय करावं? तो मधल्या रकान्यात खूण करतो आणि पुढे जातो. दुसरी चूक म्हणजे मोठमोठे शब्द. ‘क्लिनिकल वातावरण अध्ययनास पोषक आहे’ असं विचारलं तर उत्तरही तसंच पोकळ येतं. घडलेली, डोळ्यांना दिसणारी गोष्ट विचारा:

- या पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी मला वॉर्डाची माहिती करून दिली गेली.
- माझ्यावर देखरेख करणारी नर्स कोण हे मला माहीत होतं.
- वॉर्डातले कर्मचारी मला नावाने हाक मारत.
- गेल्या आठवड्यात मी केलेल्या कामाबद्दल कुणीतरी मला नेमकं काय बरोबर, काय चुकलं हे सांगितलं.
- प्रयोगशाळेत शिकवलेली प्रोसिजर आणि वॉर्डात होणारी प्रोसिजर यांतला फरक मला कुणीतरी समजावून दिला.

काही विधानं उलट्या अर्थाची ठेवावीत, उदाहरणार्थ ‘माझा बराचसा वेळ शिकण्याशी संबंध नसलेल्या कामात गेला’. म्हणजे पट्टी लावून भरलेले फॉर्म ओळखू येतात. बेरीज करताना त्यांचे गुण उलटे करायला मात्र विसरू नका. फार ठेवू नका, नकारार्थी वाक्यांत वाचणाराही चुकतो.

एकूण फॉर्म दहा मिनिटांत संपला पाहिजे. शेवटी दोन-तीन मोकळे प्रश्न, आणि त्यांना भरपूर जागा. अर्धी ओळ नव्हे.

पायरी ४: कोणी विचारावं, केव्हा विचारावं

अंतर्गत गुण ज्यांच्या हातात आहेत त्यांनी फॉर्म वाटू नयेत आणि गोळाही करू नयेत. वरवर सगळे हे मान्य करतात, आणि तरी वर्गशिक्षिकाच टेबलाशी उभी राहून गठ्ठा गोळा करते. दुसऱ्या विभागातल्या व्यक्तीला सांगा, किंवा बंद पेटी ठेवा. लहान वर्गात अक्षर ओळखू येतं, हे विद्यार्थ्यांना पक्कं ठाऊक असतं. लॉगबुक (केलेल्या कामांची नोंदवही) आणि केअर प्लॅन (रुग्णाच्या शुश्रूषेचा लेखी आराखडा) तपासून शिक्षकांना प्रत्येकाचं अक्षर पाठ झालेलं असतं. म्हणून मोकळी उत्तरं टाइप करून घेणं बरं. ऑनलाइन फॉर्म घेत असाल तर ईमेलची नोंद बंद केली आहे हे त्यांना दाखवा, नुसतं सांगू नका.

भाग घेणं ऐच्छिक आहे आणि न भरल्याने काही बिघडणार नाही, हे पहिल्याच ओळीत लिहा. शोधप्रकल्प असेल तर नीतिशास्त्र समितीची मंजुरी आधी.

वेळेबद्दल माझा आग्रह आहे की वर्षअखेरीची वाट पाहू नका. प्रत्येक पोस्टिंगच्या शेवटच्या दोन दिवसांत आठ-दहा विधानांचा छोटा फॉर्म घ्या, आणि सत्राच्या मध्यावर एक मोठा. मध्यावर घेतला तर जे बदलेल त्याचा फायदा त्याच विद्यार्थ्यांना मिळतो. परीक्षेच्या निकालानंतरचा आठवडा टाळा, तेव्हा निकालाबद्दलचं मत अभ्यासक्रमाच्या नावावर जमा होतं.

पायरी ५: बसून ऐका

फॉर्मवरून कुठे दुखतंय ते कळतं, का दुखतंय ते समोर बसल्याशिवाय कळत नाही. सहा ते आठ विद्यार्थ्यांचा गट करा. वर्षांची सरमिसळ करू नका. सीनियर समोर असले की पहिल्या वर्षाची मुलं गप्प बसतात. बोलतं करणारी व्यक्ती बाहेरची असावी. आणि सुरुवात तक्रारीने करू नका. मी हा प्रश्न वापरते: ‘गेल्या पोस्टिंगमधला असा एक दिवस सांगा, ज्या दिवशी ड्युटी संपताना वाटलं की आज काहीतरी शिकलो.’

एकदा दुसऱ्या वर्षाची एक मुलगी या प्रश्नावर बराच वेळ विचार करत राहिली. मग म्हणाली, सहा आठवड्यांत असा एकच दिवस आला. एरवी सकाळभर ती सॅम्पल लॅबला पोचवायची, फाइली आणायची, बेड करायची. त्या दिवशी वॉर्डातल्या एका सिस्टरने तिला मधुमेहाच्या एका आजोबांजवळ नेलं आणि सांगितलं, ‘यांना इन्सुलिन घरी स्वतः घ्यायचंय, तू शिकव, मी बाजूला उभी आहे.’ तिने सुईची जागा दाखवली, दर वेळी जागा का बदलायची ते सांगितलं, आजोबांकडून रिकाम्या पेनवर दोनदा करून घेतलं. सगळं मिळून पंधरा मिनिटं. ‘त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी नर्स होणार आहे,’ असं ती म्हणाली.

आमच्या आकड्यांत त्या वॉर्डाला कमी गुण होते आणि आम्ही कारण शोधत होतो साधनांच्या तुटवड्यात. खरं कारण ती सांगून गेली. सहा आठवड्यांतली पंधरा मिनिटं.

पायरी ६: आकडे वाचताना घाई करू नका

सरासरी फसवते. तीस जणांपैकी पंधरा जणांनी ५ दिले आणि पंधरा जणांनी १, तर सरासरी ३. सगळ्या तिसांनी ३ दिले तरी सरासरी ३. पहिल्या वर्गात दोन वेगवेगळे अनुभव आहेत, दुसऱ्यात सगळेच उदासीन. उपाय अर्थातच वेगळे. म्हणून प्रत्येक विधानासाठी किती जणांनी काय दिलं ते मांडा, सरासरी नंतर पाहा.

आणखी एक हिशेब. चाळीस विद्यार्थी, त्यातले पाच मुलगे. प्रसूती विभागाच्या पोस्टिंगला पस्तीस मुलींनी सरासरी ४.५ दिले, पाच मुलग्यांनी २. एकूण सरासरी येते ४.२ च्या आसपास. अहवालात लिहिलं जाणार ‘उत्तम’. प्रत्यक्षात ते पाच जण बहुतेक दिवस लेबर रूमच्या दाराबाहेर उभे राहिलेले असू शकतात. वर्ष, वॉर्ड आणि असे गट वेगळे काढूनच पाहा. मात्र पाचापेक्षा कमी जणांच्या गटाचे आकडे छापू नका, आणि पाच-सहा जणांच्या गटाचेही कोणाला दाखवायचे याचा विचार करा. तिथे आकड्याऐवजी प्रश्न काय आहे ते मांडलेलं बरं.

किती जणांनी भरला हेही लिहा. चाळिसांपैकी पंधरा फॉर्म आले असतील तर ते वर्गाचं मत नव्हे. चाळीस जणांत एक विद्यार्थी म्हणजे अडीच टक्के, तेव्हा दोन-तीन टक्क्यांच्या चढउतारावर बैठक बोलावू नका.

शोधप्रकल्प करणाऱ्यांनी मोजपट्टीची अंतर्गत सुसंगती, म्हणजे तिच्यातल्या विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात, ते काढावी. त्यासाठी ली क्रॉनबॅक यांचा १९५१ चा अल्फा हा आकडा वापरतात, आणि ०.७० च्या वर आला तर साधारणपणे चालतो असं मानतात. पण अल्फा चांगला आला म्हणजे प्रश्न योग्य होते असं नाही. चुकीचे प्रश्नही एकमेकांशी छान सुसंगत असू शकतात.

मोकळी उत्तरं दोन जणांनी स्वतंत्रपणे वाचून गट पाडावेत, मग एकत्र बसावं. एकदाच आलेली ओळ टाकून देऊ नका. माझ्या फाइलमधली ती ओळ एकदाच आली होती.

पायरी ७: बदल करा, आणि वॉर्डापासून सुरुवात करा

पहिला दिवस. नव्या वॉर्डात पाऊल टाकल्यावर विद्यार्थ्याला वीस मिनिटं द्या: इमर्जन्सी ट्रॉली कुठे, औषधांचं कपाट कुणाकडे, हँडओव्हर (पाळी बदलताना रुग्णांची माहिती सोपवणं) किती वाजता, बॅग कुठे ठेवायची, काही अडलं तर कुणाला विचारायचं. हे काम वॉर्डातल्या नर्सने आणि शिक्षकाने मिळून करावं. ओळख करून देताना नाव घ्या, आणि लांबून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांचा बॅज द्या. खर्च जवळजवळ नाही. आम्ही बॅजवरचा रोल नंबर काढून नाव ठसठशीत केलं, तेव्हा ‘ए स्टुडंट’ पूर्ण थांबलं नाही, पण पुष्कळ कमी झालं.

मग वर्षानुसार कामांचा तक्ता, नर्सिंग स्टेशनवर लावलेला. दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी काय स्वतः करू शकतात, काय देखरेखीखाली, काय अजिबात नाही. वॉर्डातल्या नर्सना हे माहीतच नसतं; दर महिन्याला नवे चेहरे येतात, कोणत्या वर्षाचे आहेत ते कळत नाही, मग सुरक्षित म्हणून निरोप पोचवायला पाठवलं जातं. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्सच्या वाटचालीचे नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंत पाच टप्पे सांगितले. नवशिक्याला नियम आणि सोबत लागते, पुढच्याला थोडी मोकळीक. सगळ्यांना एकाच कामाला लावलं तर एक घाबरतो आणि दुसरा कंटाळतो.

प्रयोगशाळा आणि वॉर्ड यांतली दरी हा स्वतंत्र दुखरा भाग आहे. मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) कॅथेटर (लघवीची नळी) घालायची एक पद्धत शिकवली, वॉर्डात सामान वेगळं, घाई वेगळी. विद्यार्थ्याला वाटतं, एकतर मॅडम चुकल्या किंवा सिस्टर. यावर उपाय म्हणजे वर्षातून दोनदा शिक्षक आणि वॉर्ड इनचार्ज यांनी एकत्र बसून निवडक प्रोसिजर पाहणं, आणि कोणत्या पायऱ्यांत तडजोड चालत नाही हे दोघांनी मिळून ठरवणं. मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्ये नव्या नर्सना कामावर बसणाऱ्या वास्तवाच्या धक्क्याबद्दल लिहिलं. हा धक्का शिकतानाच थोडा थोडा पचवता येतो, कुणी बोललं तर.

बोलण्यासाठी रोज ड्युटी संपताना पंधरा मिनिटं ठेवा. आज काय पाहिलं, काय कळलं नाही, काय खटकलं. चूक दाखवायची ती त्याच दिवशी, रुग्णासमोर नव्हे, आणि नेमकी: ‘तुझं लक्ष नसतं’ असं म्हणण्यापेक्षा ‘ड्रेसिंग उघडल्यावर ग्लोव्ह न बदलता तू स्वच्छ ट्रेला हात लावलास’.

आणि रुग्णाचा पहिला मृत्यू. समाधानाच्या फॉर्ममध्ये याचं विधान मी क्वचितच पाहिलं आहे, आणि गटात बसलं की हे हमखास निघतं. सकाळी ज्याचा रक्तदाब घेतला, त्याची खाट दुपारी रिकामी. विद्यार्थी तसाच पुढच्या लेक्चरला जातो. अशा दिवशी शिक्षकाने शोधून काढून त्याच्यासोबत बसावं. नियम करा: मृत्यूच्या वेळी विद्यार्थी हजर असेल तर वॉर्डाने शिक्षकाला फोन करायचा, त्याच दिवशी.

वर्गाबद्दल थोडक्यात. महिन्याचं वेळापत्रक आधी द्या, असाइनमेंट दोन आठवड्यांत परत करा, केअर प्लॅनची संख्या कमी करून त्यावरची चर्चा वाढवा. रात्रपाळी करून आलेल्याला सकाळच्या तासाला बसवू नका. प्रात्यक्षिक परीक्षेत पक्षपात होतो अशी तक्रार वारंवार येत असेल, तर रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या पद्धतीकडे जा: ठरावीक वेळेची वेगवेगळी स्टेशन्स, सगळ्यांना तीच कामं, तीच तपासणी यादी. तयारीला खूप मेहनत लागते, पण ‘माझा परीक्षक कडक निघाला’ या तक्रारीला फारशी जागा उरत नाही.

पायरी ८: परत जाऊन सांगा

फॉर्म घेतल्यापासून तीन आठवड्यांच्या आत एक पानाची सूचना लावा. तीन रकाने: तुम्ही काय म्हणालात, आम्ही काय केलं, काय करता येणार नाही आणि का. तिसरा रकाना गाळू नका. रात्रपाळ्या कमी होणार नाहीत, कारण अभ्यासक्रमात तेवढे क्लिनिकल तास पूर्ण करणं बंधनकारक आहे, असं स्पष्ट सांगितलेलं विद्यार्थ्यांना चालतं. गप्प बसलेलं चालत नाही. एका वेळी तीनच बदल घ्या आणि प्रत्येकापुढे करणाऱ्या व्यक्तीचं नाव आणि तारीख लिहा. वॉर्डालाही त्यांचा निकाल कळवा, चांगलं काय निघालं ते आधी. इन्सुलिनचा तो प्रसंग त्या मुलीची संमती घेऊन आम्ही संबंधित सिस्टरना सांगितला. पुढच्या पोस्टिंगला त्या आपणहून विचारत आल्या, ‘या वेळी कोण आहे? काय शिकायचंय तिला?’

पुढच्या सत्रात तीच विधानं, त्याच शब्दांत पुन्हा विचारा. आकडे लगेच वाढतील असं नाही. आमचे दुसऱ्या वेळी घसरले होते. मोकळी उत्तरं मात्र चौपट लांब आली होती, नावानिशी वॉर्ड, तारीख, प्रसंग. ज्यांना लिहून काही होत नाही असं वाटत होतं, ते लिहायला लागले होते. अशी घसरण आली तर ती प्राचार्यांसमोर मांडताना सोबत ती उत्तरंही ठेवा, नाहीतर आकडा पाहून उपक्रमच बंद केला जाईल.

दुसऱ्या वेळच्या फॉर्ममध्ये आम्ही एक प्रश्न नव्याने घातला, आणि त्यापुढे अख्खं पान कोरं सोडलं: ‘गेल्या वेळी सांगितलेल्यांपैकी कोणती गोष्ट अजून तशीच आहे?’